एका कानासाठी दोन स्पीकर

सकाळी चहा ठेवला आणि मला वाटलं, गॅस पेटलाच नाही. शेगडीचा नेहमीचा बारीक आवाज येत नव्हता. वाकून पाहिलं तर ज्योत चांगली निळी होती. मान वळवली तसा आवाज आला, पुन्हा सरळ केली तसा गेला. असं एक-दोनदा करून पाहिल्यावर लक्षात आलं की शेगडीचं काही बिघडलेलं नाही, माझा डावा कान बंद पडला आहे.

सर्दी असेल, मळ साचला असेल, असं म्हणत मी त्या दिवशी शाळेत गेले. मी चिखलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि बुलढाण्याहून रोज बसनं जाणं-येणं करते. वर्गात डावीकडच्या मुली उत्तरं देत होत्या आणि मी उजवीकडे बघून कोण बोललं म्हणून विचारत होते. मुलींना गंमत वाटली. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात पाहिलं, मळ नव्हता, पडदा ठीक होता. मग ते म्हणाले, उद्याच संभाजीनगरला जा, थांबू नका. तिथं काचेच्या बंद खोलीत बसवून तपासणी झाली, गोळ्या झाल्या, थेट कानात इंजेक्शनंही झाली. कानाची नस अशी अचानक जाते, कशानं ते नेहमी सांगता येत नाही, काहींचं ऐकू परत येतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे समजावलं. माझं परत आलं नाही. त्या कानात आता फक्त एक सूं आवाज राहिला आहे, लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखा.

एका कानानं माणसाचं चालतं. माझंही चाललं. पण दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे आवाज कुठून येतो ते कळेना. कुकरची शिट्टी आपल्या घरात झाली की शेजारच्या, मोबाइल आतल्या खोलीत वाजतोय की पर्समध्ये, काही समजेना. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू यायचा आणि मी नेमकी उलट्या बाजूला बघायचे. दुसरी गोष्ट गाणं. बसमध्ये बसलं की कानात इयरफोन घालायचे, हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. घर आणि शाळा यांच्यामधला तो वेळ फक्त माझा होता. आता इयरफोन घातले की अर्धंच गाणं ऐकू यायचं. माझ्या आवडीच्या एका जुन्या गाण्यात सतार फक्त डाव्या बाजूला आहे. ती सतार आता नव्हतीच. जिथं ती वाजायला हवी तिथं गायिका उगाच थांबल्यासारखी वाटायची. मोबाइलमध्ये दोन्ही बाजू एकत्र करायची सोय असते, ती मी चालू केली. सतार आली, पण सगळं एका नळीतून ओतल्यासारखं झालं. मग मी इयरफोन पर्समध्ये ठेवले आणि खिडकीबाहेर बघत जाऊ लागले.

घरात त्या वेळी आम्ही दोघंच असायचो, मी आणि माझे सासरे. नवऱ्याची नोकरी अकोल्याला, तो शनिवारी येतो. मुलगी पुण्याला शिकते. सासरे मूळचे वरवट बकालचे. सासूबाई गेल्यावर शेती धाकट्या दिराकडे सोपवून ते आमच्याकडे बुलढाण्याला आले. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी कमी बोलणारे आणि मी त्यांच्याशी बोलताना संकोचणारी, त्यामुळे आमचं बोलणं जेवण झालं का, गोळी घेतली का, एवढ्यावर संपायचं. त्यांना गावाची आठवण येत असणार, पण तसं ते कधी बोलले नाहीत. सकाळी फिरून यायचे, पेपर वाचायचे आणि बैठकीत खुर्चीवर बसून रस्ता बघायचे.

कान गेल्याची गोष्ट मी त्यांना नीट सांगितली नव्हती. कानाला जरा त्रास आहे, एवढंच म्हटलं होतं. जेवायला बसलो की ते माझ्या डाव्या हाताला असायचे. ते भाजी मागायचे, मी ऐकायचे नाही आणि माझं जेवत राहायचे. ते मग स्वतः उठून पातेल्यातून घ्यायचे. शेवटी त्यांनी मुलाला फोन करून विचारलं, की सूनबाई माझ्यावर नाराज आहे का, मी परत गावाला जाऊ का. नवऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर मामाजींची जेवणाची खुर्ची टेबलाच्या उजव्या बाजूला होती.  त्या दिवशी जेवताना त्यांनी मला वरवटच्या विहिरीची एक लांबलचक गोष्ट सांगितली आणि मला ती सगळी ऐकू आली.

दिवाळीच्या थोडं आधी शाळेतल्या एका मैत्रिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिच्या बैठकीत पुस्तकांच्या फळीवर दोन लहान लाकडी स्पीकर ठेवले होते आणि त्यावर जुनी गाणी चालू होती. मी कोशिंबिरीची वाटी हातात घेऊन कुणाशी तरी बोलत उभी होते. तेवढ्यात माझं ते गाणं लागलं. कडवं संपलं आणि सतार वाजली. मी बोलता बोलता थांबले. समोरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. गोष्ट अगदी साधी होती. इयरफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो. खोलीत तसं नसतं. डाव्या स्पीकरचा आवाजही हवेतून माझ्या उजव्या कानापर्यंत येतो, भिंतीला लागून येतो, छताला लागून येतो. इतक्या महिन्यांत हे मला सुचलं नव्हतं. मी गाणं थेट कानात कसं घालायचं, एवढ्याचाच विचार करत होते.

नवरा म्हणाला, चांगले दोन स्पीकर घेऊन टाकू, त्यात काय. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण मला ते बनवायचे होते. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आता वाटतं, मागचं सगळं वर्ष लोक माझ्या कानाचं काहीतरी करत होते आणि मी खुर्चीत बसून करवून घेत होते. सुई, गोळी, मशीन, रिपोर्ट. आवाजाच्या बाबतीत एखादी गोष्ट माझ्या हातून व्हावी, असं मला फार वाटत होतं. घरात साधा बल्ब बदलायचा तरी मी नवऱ्याची वाट बघणारी बाई. तो म्हणाला, कर, अॅम्प्लिफायर माझ्याकडून.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी अभ्यासाला लागले. इंटरनेटवर कुणी एक परदेशी माणूस नवशिक्यांसाठी लहान स्पीकरचे आराखडे फुकट देतो, त्यातला सगळ्यात सोपा मी निवडला. एका पेटीत दोन गोल तोंडं. खालचं मोठं, ते जाड आवाज काढतं, वरचं छोटं, त्याला रेशमी कापडाचा इवलासा घुमट असतो, ते बारीक आवाज काढतं. कुठला आवाज कुठल्या तोंडाला द्यायचा हे पेटीतली एक छोटी जोडणी ठरवते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. मागच्या बाजूला एक नळी असते, तिथून आतली हवा श्वास घेते. सुटे भाग कुरिअरनं आले तेव्हा मामाजी दारातच होते. खोकं त्यांनीच आत आणलं. मी ते उघडून मोठं तोंड हातात घेतलं, तर ते लोखंडासारखं जड.

"हे काय करून राह्यली सूनबाई?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. सतारीचंही सांगितलं. ते मला इतकं सविस्तर कुणाला सांगता आलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग मी काय करू थे सांग." त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर होते.

पेट्यांसाठी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, फळी कापून हवी होती. आमच्या भागात एका मिस्त्रीभाईंचं फर्निचरचं दुकान आहे, स्वयंपाकघरातली कपाटं बनवणारं. मी मापं घेऊन गेले. मिस्त्रीभाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. इतक्या लहान पेट्या, त्याही दोन, आणि प्रत्येकीला गोल भोकं.

"चिमण्यासाठी घर बनवून राह्यले का मॅडम?"

मामाजी माझ्याआधी हसले. मी म्हटलं, आवाजासाठी. मिस्त्रीभाईंनी मान डोलावली, म्हणाले, मग झाल्यावर मले ऐकवजा. आणि मशीनवर सरळ रेषेत, कडा न तुटू देता, त्यांनी सगळे तुकडे कापून दिले. भोकंही पाडली. तोंडाची किनार फळीत बुडून बसावी म्हणून खाचही काढून दिली.

घरी येऊन आम्ही तुकडे गोंद न लावता नुसते उभे केले आणि पुढची फळी बसेना. दोन्ही अंगांनी बाहेर यायला लागली. मी पेटीच्या आतलं माप आणि बाहेरचं माप यांची गल्लत केली होती, फळीची जाडी धरलीच नव्हती, त्यामुळे वरच्या-खालच्या फळ्या आखूड झाल्या होत्या. मामाजी म्हणाले, बाहेर आली तेवढी कापून टाकू. पण पेटीच्या पोटात किती हवा मावते यावर आवाज ठरतो, असं मी वाचलं होतं. पेटी लहान झाली तर सगळंच गणित चुकणार. मी एवढीशी होऊन दुकानात परत गेले. मिस्त्रीभाईंनी आधी स्वतःच्याच टेपला दोष दिला, मग माझा कागद पाहिला आणि नवी फळी मशीनवर ठेवली. निघताना त्यांनी चार शिकंजे आमच्या हातात दिले. गोंद लावल्यावर पेटी आवळून ठेवायला लागतात, तुमच्याकडे कुठले असणार, म्हणाले. मी खरं तर दोरी आणि पोळपाटावर भागवायचं ठरवलं होतं.

त्या शिकंज्यांमुळे आमचं काम निभावलं. पांढरा गोंद सांध्यांतून बाहेर यायचा, मी ओल्या फडक्यानं पुसायचे आणि मामाजी शिकंज्याची मूठ आवळायचे. किती आवळायचं यावर आमचा पहिला वाद झाला. त्यांच्या हाताला बैलगाडीच्या चाकाची सवय, ते आणखी एक आटा द्यायचेच. एक फळी थोडी सरकली आणि त्या पेटीच्या कोपऱ्यात अजूनही एक बारीक पायरी आहे. मामाजींनी ती घासून घासून कमी केली, पण बोट फिरवलं की लागते. घासायचं काम गच्चीवर चालायचं, तोंडाला रुमाल बांधून. एमडीएफची भुकटी फार बारीक असते. संध्याकाळी आम्ही दोघं खाली यायचो तेव्हा केस, भुवया, सगळं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं. शेजारच्या काकूंनी विचारलं, घरात रंगकाम काढलं का. मामाजी म्हणाले, नाही, आम्ही बाजा बनवून राह्यलो.

मला त्यांच्याशी बोलायची सवय त्या गच्चीवर लागली. हातात काम असलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे संकोच राहत नाही. त्यांनी मला सासूबाईंबद्दल सांगितलं, वरवटला पहिला रेडिओ कुणाकडे आला ते सांगितलं, भजनात ते झांज वाजवायचे ते सांगितलं. मी त्यांना सांगितलं की वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला की मला अजून भीती वाटते. ते म्हणाले, "मंग पोरीले हात वर करा लावत जाय. त्यात लाज कायची?" मी सुट्टीनंतर तेच केलं आणि मुलींनी ते दोन दिवसांत स्वीकारलं. इतके महिने मी उगीच लपवत होते.

झाळकाम, म्हणजे तारांचं सोल्डरिंग, मात्र मला एकटीला करावं लागलं, कारण मामाजींचा हात थरथरतो. ते भिंग आणि टॉर्च धरून बसायचे. एका प्लायच्या तुकड्यावर मी कागद चिकटवला, त्यावर जोडणी काढली आणि तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर, असं सगळं त्या त्या जागी ठेवत गेले. पहिला सांधा लावताना बोट भाजलं. दुसरा सांधा वरून चकचकीत दिसला आणि ओढल्याबरोबर सुटला. तार आधी तापवायची, मग तिच्यावर कथील सोडायचं, कथील तापवून तारेवर थापायचं नाही, एवढी एक गोष्ट समजायला मला आख्खी दुपार लागली. एकदा जमल्यावर मात्र असा आनंद झाला की काम नसलेल्या तारांचे तुकडेही मी एकमेकांना जोडत बसले. पहिली जोडणी नीट तपासत केली. दुसरी करताना आता आपल्याला येतं, असं वाटायला लागलं होतं.

गादीवाल्याकडून उशीत भरतात तो फायबर आणला, पेट्यांच्या आत पसरला, तोंडं बसवली, स्क्रू आवळले. नवऱ्यानं आणलेला अॅम्प्लिफायर मध्ये ठेवला. शनिवार होता, पण तो अजून अकोल्याहून पोचायचा होता आणि मला थांबवेना. मी माझं ते गाणं लावलं.

आवाज आला. दोन्ही पेट्यांतून आला.  पण गाणं पोकळ होतं. तबल्याचा डग्गा नुसता लांबून थोपटल्यासारखा, खर्ज नाहीच. सतार होती, पण पाण्यातून येत असल्यासारखी. मैत्रिणीच्या घरी ऐकलेलं ते हे नव्हतं. मी आवाज वाढवला, कमी केला, खुर्ची पुढे-मागे केली. आणि मग मनात आलं, पेट्या ठीकच असतील. माझा दुसरा कानही गेला असेल तर? मागच्या वेळीही असंच झालं होतं. आधी शेगडीवर शंका घेतली होती आणि बिघडलेलं दुसरंच काही होतं. मी चांगल्या कानाजवळ चुटकी वाजवून पाहिली, पुन्हा पुन्हा वाजवली. 

मामाजी बैठकीच्या मधोमध खुर्चीत बसले होते. त्यांना गाण्यातलं फार कळतं असं नाही. ते डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे करत होते.

"आवाज त हाये सूनबाई," ते म्हणाले, "पण बाई कुठी हाये?"

मी विचारलं, कोण बाई.

"गाणारी. इकडं बी नाही, तिकडं बी नाही. साऱ्या घरात पसरली हाये. अन् ढोलक्यात दम नाही."

 त्यांनी माझं तोंड पाहिलं असणार, कारण ते उठून माझ्या उजव्या बाजूला आले आणि अगदी सावकाश म्हणाले, "तुह्या कानाचा दोष नाही हा. मले बी तसंच ऐकू येऊन राह्यलं. डब्यातच काही चुकलं."

आयुष्यात लोक माझ्याशी पुष्कळ चांगलं बोलले आहेत. पण डब्यातच काही चुकलं, या शब्दांनी जेवढा धीर आला तेवढा क्वचितच कशानं आला असेल. मी तिथंच खाली बसले आणि थोडी रडले. मामाजींनी गाणं बंद केलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि परत खुर्चीत बसले. माझं आवरेपर्यंत ते रस्ता बघत होते.

मग मी पुन्हा वाचायला लागले. पोकळ आवाज, खर्ज नाही, गाणारा कुठं आहे ते कळत नाही, अशी लक्षणं टाकल्यावर उत्तर लगेच मिळालं. एका पेटीच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या की असं होतं. एक तोंड पुढे हवा ढकलतं तेव्हा दुसरं मागे ओढतं आणि दोघं मिळून एकमेकांचं काम पुसून टाकतात. तपासायची पद्धतही होती. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. पेटीच्या मागे दोन तारा लावल्या, एक लाल खुंटीला, एक काळ्या, आणि त्यांची टोकं सेलला टेकवली. मामाजी समोर बसून तोंडाकडे बघत होते.

पहिल्या पेटीचं तोंड टक्कन बाहेर आलं. मामाजींनी हातानं दाखवलं, बाहेर. दुसऱ्या पेटीला सेल लावला. त्यांनी चष्मा नीट केला, पुन्हा लाव म्हणाले, आणि मग हात आत नेऊन दाखवला. दुसरी पेटी मी आत्मविश्वासानं केली होती, तीच उलटी होती. पेटी न उघडताही बाहेरच्या तारा बदलून चाललं असतं, पण मला ती चूक आत ठेवायची नव्हती. स्क्रू काढले, झाळ सोडवली, लाल तार लालकडे नेली, पुन्हा सगळं बंद केलं. तोवर नवरा येऊन पोचला होता. तो दारात बूट काढत होता तेव्हा मी गाणं लावलं.

या वेळी तबला पोटात लागला. मला एका कानानंही तो लागला. सतार आली तेव्हा तिच्या प्रत्येक तारेला कड होती. मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. मग डोळे न उघडता त्यांनी हात वर केला आणि दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधल्या रिकाम्या भिंतीकडे बोट केलं.

"आता आली. मधात उभी हाये."

तबला वाजला की त्यांचं बोट उजवीकडे जायचं, सतार आली की डावीकडे, बासरी थोडी मागे आणि वर. मला त्या जागा ऐकू येत नाहीत आणि यायच्याही नाहीत, त्याला दोन कान लागतात. पण मी त्यांचं बोट बघत होते आणि आवाज ऐकत होते, आणि दोन्ही मिळून मला कळत होतं की कोण कुठं बसलं आहे. नवरा एक बूट पायात ठेवूनच तिथं उभा होता. तो मला नंतर म्हणाला की त्यानं वडिलांना असं हात हलवताना कधी पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीभाईंना दिलेला शब्द होता. ते पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर आले, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, आणि येताना पेनड्राइव्हवर कव्वाली घेऊन आले. बसायच्या आधी त्यांनी पेट्यांवरून हात फिरवला. कोपऱ्यातली ती पायरी त्यांच्या बोटाला लागलीच. मामाजी लगेच म्हणाले, थे माह्या हातचं काम हाये. कव्वाली लागली. टाळ्या सुरू झाल्या तसे मिस्त्रीभाई खुर्चीत पुढे सरकले. पूर्ण ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की ही आपल्याच फळीतून येऊन राह्यली का. मी हो म्हटलं. त्यांनी आणखी एक लावायला सांगितली. मी शिकंजे परत द्यायला काढून ठेवले होते, ते त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, तुमचा हात बसला आता, दुसरं काही बनवसान.

मला पुष्कळ जणांचे आभार मानायचे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते पोचणार नाहीत. तो परदेशातला माणूस, ज्यानं आपला आराखडा कुणीही घ्यावा म्हणून ठेवला. त्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी खोटी आशा दिली नाही. मैत्रीण, जिला आजही माहीत नाही की तिच्या वास्तुशांतीत मला काय मिळालं. मी सांगितलं तर ती म्हणेल, तू कोशिंबीरसुद्धा संपवली नव्हतीस.

मामाजींचे आभार मी मानलेले नाहीत. त्यांना ते आवडणार नाही. रविवारी सकाळी चहा झाला की आम्ही बसतो. ते मधल्या खुर्चीत, मी त्यांच्या बाजूला, आणि ते मला सांगत जातात. आधी ते नुसतं बोट दाखवायचे, आता बोलतात. हार्मोनियमवाला डावीकडे सरकून बसला आहे, कोरस मागच्या रांगेत आहे, त्यातली एक बाई बाकीच्यांपेक्षा पुढे उभी आहे. कधी कधी मला शंका येते की यातलं काही ते आपल्या मनानं घालतात. एकदा तर त्यांनी मला सांगितलं की सारंगीवाल्याला थंडी वाजते आहे. मी विचारलं, हे कसं कळलं. ते म्हणाले, "वाजवून राह्यला तसाच." 

मागच्या रविवारी एका मैफिलीचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. आलाप संथ चालला होता. मामाजी मध्येच म्हणाले, डावीकडं कोणीतरी खोकललं. मला काही ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, मामाजी, आता तुम्ही माणसंही घालायला लागले. त्यांनी गाणं मागे घ्यायला सांगितलं. मी मागे घेतलं, डाव्या पेटीजवळ गुडघ्यांवर बसले आणि माझा उजवा कान तिच्या तोंडाशी नेला. आलाप आला, तंबोरा आला, आणि त्याच्या मागे, लांब, श्रोत्यांतलं कुणीतरी घसा दाबून खोकललं. मी मागे वळून पाहिलं तर मामाजी चहाची बशी तोंडाला लावून हसत होते.